ज्या पाण्याचा जीव त्या पाण्याला

निरगुडवाडीत आधी कोण उठतं, कोंबडा की ब्राह्मीआक्का, यावर दोन मतं होती. कोंबड्याच्या बाजूनं बोलणारा एकटा आक्काचा नवरा भुजबली आप्पा, आणि तो स्वतःच उशिरा उठत असल्यामुळं त्याची साक्ष कोणी धरत नसे.

उठल्यावर आक्काचं पहिलं काम पाणी गाळायचं. घागरीच्या तोंडावर जाड सुती गाळणं दुहेरी घडी करून घालायचं आणि नळाचं पाणी त्यातून धारेनं सोडायचं. मग गाळणं उलटं धरून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायचं, म्हणजे कापडाला चिकटलेले बारीक जीव खालच्या पितळी लोट्यात उतरतात. ही जिवाणी. ती मोरीत ओतली तर गाळल्याचा उपयोग काय? जिथनं पाणी आलं तिथंच ती परत पोचवायची, ही जैन घरातली, आक्काच्या आईची शिकवण, आणि आईच्या आईचीही.

गावात पाणी यायचं गवीतनं, म्हणजे गुहेतनं. माळावरचा ओढा वरच्या अंगाला जांभ्या दगडात शिरे, शंभरभर पावलं अंधारातनं चाले आणि गावाच्या डोक्यावर बाहेर पडे. तिथं पंचायतीची टाकी, टाकीतनं नळ. आक्काच्या हिशेबानं नळाचा उगम टाकी नव्हे, गवी. म्हणून ती रोज लोटा घेऊन दहा मिनिटांचा चढ चढे. लोट्याच्या काठाला दोन कड्या आणि बुडाला एक. दोन दोऱ्या लावून तो गवीतल्या पहिल्या डोहात सोडायचा, पाण्याला टेकला की बुडाची दोरी ओढायची. लोटा पाण्यावरच आडवा होतो, जीव उंचावरून आपटत नाहीत. छप्पन्न वर्षांच्या गुडघ्यांनी हे काम कधी चुकवलं नव्हतं.

गवीला लोखंडी जाळीचं दार होतं, ते रविवारवाल्यांनी बसवलेलं. बेळगाव-निपाणीकडची ही मंडळाची वीस-पंचवीस माणसं, रविवारी गव्या बघायला आणि साफ करायला यायची, कोणी कॉलेजात शिकवणारं, कोणी बँकेत, कोणी मोबाईलच्या दुकानात. तीन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हा गवीत दारूच्या बाटल्यांचा खच होता आणि वटवाघळांवर फटाके फोडणं ही गमतीची गोष्ट होती. त्यांनी अकरा पोती बाटल्या खांद्यावरनं खाली आणल्या. गाव बघत उभं राहिलं, एकानंही पोत्याला हात लावला नाही, मात्र रिकाम्या बाटल्यांना काय भाव येतो हे चौघांनी विचारलं. मग पंचायतीचा ठराव झाला, दार बसलं, वटवाघळांना ये-जा करायला वर फट ठेवली, आणि कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी आक्का लोटा घेऊन कुलपासमोर बसली. ती रागावली नाही, ओरडली नाही, नुसती बसून राहिली. दहा वाजता तिचा मुलगा अभिनंदन आईला शोधत आला, त्यानं फोन केला, आणि दुपारी त्या मंडळातली सौम्या नावाची बाई बेळगावहून स्कूटरवर आली. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिनं लोट्यात भिंगातनं बघितलं आणि आक्काच्या शेजारी दगडावर बसून घेतलं.

"आक्का, हे रोज करता?"

"रोज. पाणी रोज पितो की."

सौम्यानं दुसरी चावी काढून तिच्या हातात दिली. त्या दिवसापासून ती गावाची चावीवाली आक्का झाली. चावी कमरेला, कमरेला म्हणजे थेट काळजाला लागून, असं भुजबली आप्पा म्हणायचा.

सौम्यानंच तिला ते पांढरे जीव दाखवले. तांदळाच्या कणीएवढे, काचेसारखे आरपार, पायांची नुसती झालर. त्यांना डोळे नव्हते.

"डोळा न्हाय म्हंजे तीन इंद्रियांचा," आक्का म्हणाली. "कातडी, जीभ, नाक. चौथं न्हाय."

"पण याच्या पूर्वजांना डोळे होते, आक्का. हजारो वर्षं अंधारात राहून गेले."

आक्का हिशेब घालू लागली. चारावरनं तीनावर, म्हणजे खालच्या गतीला आला की काय? पण तिथं तो कोणाला मारत नाही, कुजलेलं पान खातो, वटवाघळाच्या लेंड्या खातो. मग खाली आला कसा म्हणायचं? "तुमच्या पुस्तकात त्येचं पाप काय लिवलंय?" तिनं विचारलं. सौम्या हसली. नंतर कितीतरी रविवार दोघी याच गोष्टीवर अडकून बसत आणि मंडळातली पोरं चहा पिऊन घेत.

दिवाळी होऊन गेल्यावरच्या रविवारी मोजणी होती. पहिल्या डोहात कमरेएवढं पाणी. त्याच्या वरच्या अंगाला दगडाची उंच पायरी, पलीकडं दुसरा डोह. सौम्या कपाळाला दिवा बांधून पाण्यात उतरली, पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन मोजत गेली. आक्का काठावर कंदील धरून बसली होती.

"गेल्या वर्षी या डोहात एकशेचाळीस होते," सौम्या म्हणाली. "आज एकोणीस."

मग तिनं ताटली दिव्याजवळ धरली. ताटलीत पाचसहा तपकिरी जीव सुळसुळत होते. अंगानं तसेच, पण जाडसर, चपळ. आणि प्रत्येकाच्या तोंडाशी खसखशीएवढे दोन काळेभोर डोळे.

"हे इथले नव्हेत. नदीतला झिंगा आहे हा. इथं कसा येईल? ओढा वर चढून तर येणार नाही. कुणीतरी आणून सोडलाय."

"मग हे त्यास्नी खात्यात?" आक्कानं विचारलं.

"पिलं खात असतील. नाहीतर त्यांचं खाणं संपवत असतील. नक्की कळायला वेळ लागेल, आक्का. तोवर पांढरे राहतील का, कुणास ठाऊक. दुसऱ्या डोहात अजून आहेत, ती पायरी यांना चढता आली नाही म्हणून. हे असे बिनडोळ्यांचे आजूबाजूला आणखी कुठं आम्हाला सापडलेले नाहीत."

कुणी आणले, याचं उत्तर मंडळातल्या पोरांना बाहेर पडायच्या आतच सापडलं. गवीच्या खाली ओढ्यात खेकडे धरणारा भरमा. तो बोरगावकडच्या नदीवरनं झिंगे आणायचा, खेकड्यांना आमिष म्हणून. पोरं तरातरा त्याच्याकडं गेली.

भरमा पन्नाशीचा, काटकुळा, पायांची बोटं पाण्यानं कायमची पांढरी पडलेली. तो म्हणाला, "मी गवीत पाय ठेवत न्हाय. वटवाघळाचा वास मला सोसत न्हाय. आणि माझं झिंगं मेल्यालं असत्यात, मेल्यालं कुठनं पवायचं?"

"उरलेले जिवंत सोडत असशील."

"उरायला मी काय सावकार हाय?"

पोरांनी ऐकलं नाही. त्याच्या खेकड्याच्या तीन बुट्ट्या पाण्यातनं काढून काठावर टाकल्या, त्यात एक फुटली. उद्यापासून गवीच्या अंगाला फिरकायचं नाही म्हणून सांगितलं. सौम्या मागनं आली तोवर झालं होतं. भरमा फुटकी बुट्टी उलटीसुलटी करून बघत राहिला. तिथं आक्का उभी होती, कमरेला चावी घेऊन, आणि ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तंबाखूचे शेंडे खुडायचे होते. या दिवसांत शेंडा खुडला नाही तर झाड फुलोऱ्यावर जातं आणि पानात बळ उतरत नाही, आणि खुडायला बाया मिळत नाहीत, म्हणून घरची चारही माणसं वावरात. हाताला चीक चिकटतो, काळा, उग्र, साबणाला दाद न देणारा. तासभर खुडलं की बोटं एकमेकांना सोडत नाहीत. भुजबली आप्पा बांधावर उभा राहून देखरेख करत होता, म्हणजे काम करत नव्हता.

आक्का आणि सून त्रिशला शेजारच्या सऱ्यांत होत्या. त्रिशला चिकोडीची, लग्नाला दोन वर्षं झालेली, डोकं तल्लख आणि जीभ त्याहून. सकाळपासनं दोघी बोलल्या नव्हत्या. सरीच्या टोकाला आक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"त्रिशला, उन्हाळ्यात नळ बंद हुता तवाचं तुला आठवतंय?"

त्रिशलानं शेंडा खुडला, पुढचा खुडला. "आठवतंय."

वैशाखात टाकीची मोटार जळाली आणि पंचायतीनं वीस दिवस टँकर लावला. टँकर नदीवर भरून यायचा. आक्कानं ते पाणीही गाळलं. गाळल्याशिवाय पाणी घशाखाली उतरणार कसं? आणि जिवाणी? बोरगावची नदी इथनं चौदा किलोमीटर. दोन दिवस आक्कानं जिवाणी झाकून ठेवली, तिसऱ्या दिवशी तिला राहवेना. आपला ओढा शेवटी नदीलाच मिळतो, मग पाणी एकच की, असा विचार करून ती लोटा घेऊन गवीत गेली. पुढं रोज गेली. तिनं एकदा लोट्यात बघूनही घेतलं होतं, आणि त्रिशलाला म्हणाली होती, ह्याला डोळं हाईत गं, वळखीचं दिसत न्हाय. त्यावर दोघी हसल्या होत्या.

"आत्ती, त्ये तुमास्नी म्हाईत न्हवतं."

"मला म्हाईत हुतं. ज्या पाण्याचा जीव त्या पाण्याला, हे मला लहानपणापास्नं म्हाईत हाय. मी माझ्या गुडघ्याची सोय बघिटली."

त्रिशलानं इकडंतिकडं पाहिलं. आप्पा लांब होता. "गप बसूया आत्ती. भरमाला काय, चार दिवसांत लोक इसरत्यात. तुमची चावी जाईल, मंडळवाले काय म्हणतील, गाव काय म्हणंल. स्तवनिधीच्या देवळात आमूशाला सगळ्या बायका तोंडावर इच्यारतील."

आक्कानं पुढची सरी धरली. त्या संध्याकाळी जेवणाची वेळ झाली. घरात सूर्य मावळायच्या आत जेवायची रीत, त्यामुळं पाचलाच ताटं मांडलेली. आक्कानं अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली गाईला घातली. इतकी वर्षं मी जीव राखले म्हणत होते, ती म्हणाली ते स्वतःशीच, आणि ज्यांना डोळेही नाहीत त्यांच्या घरात मी हे सोडले. तिला आपल्या हातांची शिसारी आली.

तरी तिला खात्री करून घ्यायची होती. कदाचित भरमाचेच असतील, हा विचार ती मनातनं काढत होती आणि तो परत येत होता. बुधवारी अभिनंदन ट्रॅक्टरच्या कामाला बोरगावला निघाला तेव्हा तिनं त्याच्याकडं पाच लिटरचा कॅन दिला.

"नदीचं पाणी आण. काठाचं, गवत हाय तितलं."

"नदीचं पाणी? घरात नळ हाय न्हवं?"

"आण म्हटलं की आणायचं."

त्यानं आणलं. आक्कानं हात चिंचेनं तीनदा घासले, तंबाखूचा चीक जीवाला विख. कॅन गाळला, गाळणं पांढऱ्या ताटलीत उतरवलं. त्रिशलानं मोबाईलचा कॅमेरा मोठा करून ताटलीवर धरला. पडद्यावर एक तपकिरी झिंगा आला, मग दुसरा. खसखशीएवढे दोन डोळे त्यांच्याकडंच बघत होते.

"त्येच," त्रिशला म्हणाली.

आक्का भिंतीला टेकून बसली. तिला रडू आलं, आणि त्याच वेळी ती मोबाईलच्या पडद्यात वाकून बघतही होती, की हा डोळा फिरवतो कसा. मग तिनं ते दोन्ही लोट्यात उतरवले आणि लेकाला हाक मारली. "हे उद्या जाऊन परत नदीत सोडून ये."

"आई, आठावीस किलोमीटर. दोन झिंग्यास्नी."

"वीस दिवस मी न्हेले नव्हते. त्येचं फळ बघतोयास."

अभिनंदननं बापाकडं पाहिलं. भुजबली आप्पा म्हणाला, "जा बाबा. न्हाईतर ही चालत जाईल, आणि मग गुडघ्याला डॉक्टर मीच बघायचा."

पुढच्या रविवारी मंडळ आलं तेव्हा आक्का गवीच्या तोंडाशी आधीच बसलेली होती. भरमाला तिनं निरोप धाडला होता, तोही लांबवर उकिडवा बसला होता. चार गावकरी कशाला काय म्हणून जमले होते. आक्का उभी राहिली. बोलायची सवय नाही, त्यामुळं तिनं एका दमात सांगितलं. टँकर, जिवाणी, वीस दिवस, डोळे बघूनही सोडले ते, कॅनचं पाणी. शेवटी म्हणाली, "भरमानं काय केलं न्हाय. मी केलंय. आणि त्येच्या बुट्ट्या फेकल्या तवा मी तितंच उभी हुतो."

गावकऱ्यांतला एकजण फसकन हसला. "धरम करायला गेली आनि..." बाकीचं त्यानं गिळलं. मंडळातली पोरं बूट बघत राहिली. सौम्या दगडावर बसली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, तो तिनं लपवला नाही.

"आक्का, डोळे दिसले तेव्हा मला फोन करायचा होता."

"व्हय. करायचा हुता."

भरमा उठून जवळ आला. त्यानं कुणाकडं पाहिलं नाही, पाण्याकडं पाहत बोलला. "मला इच्यारलं असतं तरी सांगिटलं असतं. नदीचा झिंगा हावरा. वड्याचा गरीब. दोघास्नी एका भांड्यात ठेवू नये, हे माझ्या बानं मला शिकीवलं. पर मला कोण इच्यारतंय?"

मग पोरांपैकी एकानं, ज्यानं बुट्टी फोडली होती त्यानं, माफी मागितली. भरमानं मान हलवली, नवी बुट्टी कधी देणार तेवढं विचारून घेतलं. आक्कानं कमरेची चावी सोडली आणि भरमाच्या हातात ठेवली. तो ती परत करायला लागला तर तिनं हात मागं घेतला.

"आता पुढं काय?" आक्कानं सौम्याला विचारलं.

"काढायचे. एकही राहता कामा नये. आमच्याकडं स्पिरिटच्या बाटल्या आहेत."

"स्पिरिटात मरत्यात?"

"हो."

"मग न्हाय. मी आणले त्ये, माझ्यामुळं मरायचे न्हाईत. त्येंची चूक काय? त्येंचं पोट, त्येंची रीत. धरून नदीत सोडू."

सौम्यानं वाद घातला. किती दिवस लागतील, किती सुटतील, प्रत्येक वेळी नदीवर कोण जाईल? आक्का प्रत्येकाला एकच उत्तर देत राहिली, "मी जातो." शेवटी सौम्या म्हणाली, "पंधरा दिवस देते. त्यानंतर माझ्या पद्धतीनं."

ते पंधरा दिवस घरानं कसे काढले ते घरालाच माहीत. सकाळी सातपासून बारापर्यंत तंबाखू, दुपारी गवी, तीनच्या पुढं नदी. धरायची युक्ती भरमाची. त्यानं करंजाच्या डहाळ्यांच्या जुड्या बांधल्या आणि डोहात दगड लावून बुडवल्या. झिंगा दडायला जागा शोधतो, जुडीत शिरतो. दुसऱ्या दिवशी जुडी हळूच वर उचलायची आणि आक्काच्या गाळण्यावर झटकायची. इतकी वर्षं खेकड्यासाठी केलेली गोष्ट तो आता गाळण्यावर करत होता, आणि वास सोसत नाही म्हणणारा भरमा नाकाला टॉवेल बांधून कमरेएवढ्या पाण्यात दोन-दोन तास उभा राहत होता.

ताटलीवर निवड त्रिशलाची. आक्काच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, उन्हाळ्यानंतर तो वाढला होता, आता तिला डोळेवाला आणि बिनडोळ्याचा ओळखायला जमत नसे, याचं तिला फार वाईट वाटे. ओल्या पिसानं उचलून तपकिरी लोट्यात, पांढरा मागं डोहात. पहिल्या दिवशी चौऱ्याहत्तर निघाले. दुसऱ्या दिवशी साठ. पाण्यात वाकून वाकून त्रिशलाची पाठ धरली, भरमाच्या पायांना भेगा पडल्या, आक्काचा गुडघा सुजून पपईएवढा झाला. तरी दुपार झाली की तिघंही चढ चढायच्या घाईत असत. आज किती निघणार, हा प्रश्न सगळ्यांनाच पडलेला असे.

भुजबली आप्पा वैतागला होता. "तंबाखू फुलोऱ्यावर चाललीया. शेंडं कोण खुडणार, तुमचं झिंगं?" पण सहाव्या दिवशी तोच वर आला, ताटलीत डोकावला, आणि म्हणाला, "ह्यो चालतोय आडवा का गं?" मग त्याला उठवेना. त्यानं तासभर मोजले आणि सगळे चुकीचे मोजले. दुसऱ्या दिवशी तो वावरात सगळ्यांच्या आधी गेला आणि स्वतः दोन सऱ्या खुडून आला. हे गावानं त्या सालातलं नवल म्हणून सांगितलं.

अभिनंदन रोज मोटारसायकल काढे आणि रोज कुरकुरे. मागं आक्का, मांडीवर लोटा, लोट्याच्या तोंडाला ओलं फडकं, आणि वाटेत भर घालायला कॅनमध्ये गवीचं पाणी. नदीवर ती काठाशी गुडघाभर पाण्यात जायची, दोऱ्या सोडायची, लोटा पाण्यावर आडवा करायची. झिंगे सुळकन जायचे, मागं वळून न बघता. परत येईतो पाच वाजत. घरी आली की दोन घास. भूक अशी तिला मोजणीच्या रविवारपासून लागलीच नव्हती.

दहाव्या दिवशी तीन निघाले. अकराव्या दिवशी एक. बाराव्याला आणि तेराव्याला शून्य. चौदाव्या दिवशी सौम्या मुद्दाम कॉलेज बुडवून आली, स्वतः डोह पिंजला, जुड्या झटकल्या. तळाच्या एका जुडीत दोन सापडले, शेवटचे. तिनं त्यातलाही एक स्पिरिटासाठी मागितला नाही, हे आक्कानं पाहिलं. "आज पांढरे सत्तावीस," ती म्हणाली. "एकोणीस होते, आक्का. वरच्या डोहातनं खाली येताहेत."

ते दोन घेऊन आक्का आणि अभिनंदन निघाले. वाटेत टायर पंक्चर झालं, तासभर गेला. नदीवर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. अभिनंदन म्हणाला, "उरका. न्हाईतर आज उपासच."

आक्का पाण्यात उतरली. दोरी सोडायच्या आधी, सवयीनं, तिनं लोटा लेकापुढं धरला. "बघ जरा. माझ्या डोळ्याला दिसत न्हाय."

अभिनंदननं वैतागून मोबाईल काढला, कॅमेरा मोठा केला. दोन तपकिरी दिसले. आणि त्यांच्या खाली, बुडाशी, तांदळाची एक कणी. कणी हलली.

"आई, एक पांढरं हाय."

"काय?"

"झटकताना आलं आसंल. डोळं न्हाईत त्येला."

आक्कानं मान वर केली. सूर्य उसाच्या शेंड्यांवर टेकला होता. आत्ता भरधाव घरी गेलं तर दोन घास मिळाले असते, आधी गवीवर जायचं तर दिवस मावळणार, मग आक्काच्या तोंडात सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. अभिनंदनला ते माहीत होतं. चौदा दिवस कुरकुरलेला अभिनंदन वाकला, पांढऱ्याला तळहातावरच्या थोड्या पाण्यात घेतला आणि कॅनमध्ये उरलेला गवीच्या पाण्याचा घोट टोपणात ओतून त्यात सोडला. दोन तपकिरी आक्कानं नदीला दिले.

"बसा मागं," तो म्हणाला. "टोपण धरा नीट. मी सावकाश घेतो."

त्यानं खरंच सावकाश घेतली. खड्डा आला की आधी सांगायचा. संकेश्वरकडं जाणारे उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून त्यांना मागं टाकत गेले. आक्का टोपणावर पदर धरून बसली होती आणि दर पाच मिनिटांनी विचारत होती, हलतंय का बघ. तो थांबायचा, बघायचा, हलतंय म्हणायचा.

चावी भरमाकडं. त्याच्या दारात मोटारसायकल थांबली तेव्हा तो जेवायला बसला होता. "काय झालं?"

"गवी उघडायची. एक परत आणलाय."

"एक?"

"एक."

भरमानं ताटाला नमस्कार केला, हात धुतला आणि चावी घेऊन पुढं चालू लागला. गवीत आता अंधारच होता, पण तिथं तो नेहमीच असतो. लेकानं आईला काठावर बसवलं, टोपणातलं पाणी लोट्यात घेतलं आणि दोऱ्या स्वतःच्या हातात घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदा. लोटा डोहाला टेकला. "आता बुडाची वढ," आक्का म्हणाली. त्यानं ओढली. लोटा आडवा झाला.

"गेला?"

"दिसत न्हाय," अभिनंदन म्हणाला, पाण्यावर वाकून. "आई, ह्येला वर्षभर अंधारात ह्यो डोह घावतोय कसा? खातंय कवा, झोपतंय कवा?"

"सौम्याला इच्यार रविवारी. मला बी म्हाईत न्हाय."

भरमानं दार लावलं, कुलूप घातलं. मग चावी आक्कापुढं धरली. "घ्या आक्का. झालं आता सगळं."

आक्कानं चावीकडं पाहिलं. "राहू दे तुझ्याकडंच. सकाळी जिवाणी घेऊन आलो की तुझ्या दारात हाक मारतो. उठशील न्हवं?"

"किती वाजता?"

"कोंबड्याच्या आधी."

"आयला," भरमा म्हणाला. "उठतो की."

तिघंही उतार उतरले. घरी त्रिशलानं भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली होती, वांग्याचा वास अंगणापर्यंत येत होता. आक्का उंबऱ्यावर टेकली. तीन आठवड्यांत तिला पहिल्यांदाच सपाटून भूक लागली होती, आणि दिवस मावळून गेला होता.